जावळ कापत नाहीत, काढतात

गेल्या फाल्गुनात आमच्या नातवाचे जावळ काढले. प्रसंग घरगुती आहे आणि त्याची वार्ता चारचौघांस देण्याजोगी नाही, हे आम्ही जाणतो. तरीही ती येथे देत आहोत, कारण त्या आठ दिवसांत सारा प्रश्न एका क्रियापदाशी येऊन थांबला होता, आणि शब्दांवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्या वकिलास ते क्रियापद ऐनवेळी सुचले नव्हते.

आमची कन्या बेंगळुरूस असते. जावईबापू मूळचे धारवाडचे, त्यांच्या घरची भाषा कानडी. नातू अडीच वर्षे पूर्ण करून तिसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात होता. त्याच्या बोलण्याची वाटणी मोठी गमतीची. भूक मराठीत लागते, आकडे व रंग इंग्रजीत येतात, आणि नकार मात्र कानडीत. नको असलेल्या प्रत्येक गोष्टीस तो ‘ब्याड’ म्हणतो. सीमाभागातील मराठीसाठी ज्याने आयुष्यातील बरीच वर्षे कागद रंगविले, त्या आज्जाला पहिल्यांदा ते ‘ब्याड’ ऐकून काय वाटले असेल, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. बोचले, हे कबूल करतो.

जावळाचा पहिला प्रयत्न बेंगळुरूतच झाला आणि फसला. लहान मुलांचे केस कापणारे एक दुकान होते. खुर्ची मोटारीच्या आकाराची, समोर पडद्यावर चित्रपट, हातात फुगा. माणसेही प्रेमळ. कन्येने आपल्या परीने तयारीही केली होती. आदल्या दिवसापासून ती मुलास समजावून सांगत होती, “उद्या आपण केस कापायला जायचं हं.” दुकानातील मुलाने हसून ‘कट’ हा शब्द उच्चारला, कात्री उजव्या कानाजवळ नेली, आणि नातवाने असा टाहो फोडला की शेजारच्या मोटारीतील दोन मुलेही रडू लागली. एक बट तेवढी पडली होती. तेवढ्यावर मंडळी परतली. पुढे तीन आठवडे मूल उजवीकडे आखूड आणि डावीकडे लांब अशा केसांनी वावरले. नुसता कंगवा दिसला तरी दोन्ही हात डोक्यावर ठेवून ते पलंगाखाली शिरू लागले.

“बाबा, तुम्ही जज्जसाहेबांना समजावता, याला एकदा समजवा की,” असे म्हणून कन्येने त्याला बेळगावी आणले.

आम्ही समजाविले. त्याला समोर बसवून क्रमाने मुद्दे मांडले. केसांत रक्त नसते. केसांना दुखत नाही. कात्री टोचत नाही. बाळाला काही होणार नाही. मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि ओठ काढून विचारले, “रक्त?” आमच्या युक्तिवादातून त्याने नेमके ‘रक्त’, ‘दुखणे’ आणि ‘टोचणे’ हे तीनच शब्द उचलले होते. ‘नाही’ कोठे गळून पडले ते कळलेच नाही. उलटतपासणीत ही चूक करू नये हे आम्ही कनिष्ठ वकिलांना नेहमी सांगतो. जी गोष्ट तुम्ही जोराने नाकारता, तीच ऐकणाऱ्याच्या मनात ठसते. घरी मात्र आम्हीच ती केली.

मग कन्येने जुनी हकीकत सांगितली. महिन्याभरापूर्वी ओट्यावरची सुरी मुलाच्या हाती लागली होती आणि बोटास जखम झाली होती. रक्त पाहून ती स्वतःच घाबरून ओरडली होती, “कापलं, कापलं!” तो शब्द मुलास भेटला तो असा, रक्तासह आणि आईच्या किंकाळीसह. त्यानंतर त्याच आईने सांगितले की उद्या केस कापायचे आहेत. मुलाने टाहो फोडला यात त्याची काय चूक? शब्दाचा अर्थ त्याने कोशातून घेतला नव्हता. जेथे तो प्रथम भेटला तेथून घेतला होता.

सौभाग्यवती हे सारे ऐकत ताक घुसळीत होत्या. त्या म्हणाल्या, “पण तुम्ही ‘कापणं’ म्हणताच कशाला? जावळ कोणी कापतं का? जावळ काढतात.”

आम्ही गप्प झालो. आमच्या आईच्या तोंडी ‘जायवळ काढायचं’ असेच असे. तिने ‘जावळ कापले’ म्हटल्याचे आठवत नाही. मोठ्या माणसांचे केस हल्ली सर्रास ‘कापले’ जातात, पण पूर्वी माणसे ‘डोई करीत’, ‘हजामत करीत’, सुशिक्षित असल्यास ‘श्मश्रू करीत’. बाळाच्या पहिल्या केसांसाठी तर भाषेने एक स्वतंत्र नाम आणि एक मऊ क्रियापद राखून ठेवले होते. मराठीस ही सवयच आहे. आपण नारळ फोडीत नाही, वाढवितो. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढते. अशुभाची किंवा इजेची छाया ज्या क्रियेवर पडू शकते, तिचे क्रियापद आपल्या पूर्वजांनी आधीच बदलून ठेवले. आम्ही त्यास नुसती भाबडी समजूत मानीत आलो. त्या दिवशी प्रथमच वाटले की यात लहान मुलांचाही विचार असावा.

‘काढणे’ हे क्रियापद मुलाच्या दृष्टीने पाहा. तो चित्र काढतो. आजी अंगणात रांगोळी काढते. बाहेरून आला की चप्पल काढतो, न्हाण्यापूर्वी अंगातला सदरा काढतो. यातील कोठेही वेदना नाही. सदरा काढला तरी आपण शिल्लक राहतो, हा त्याचा रोजचा अनुभव आहे.

याच दिवसांत धारवाडहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांचा प्रश्न होता, “जवळ यावाग?” लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एका नातलगाच्या मुलाबाबत त्यांनी हाच शब्द वापरला होता, तेव्हा आम्ही ‘जवळ’ म्हणजे निकट असे समजून कार्यालय स्थानकापासून किती अंतरावर आहे ते सांगत बसलो होतो. कानडीत, निदान धारवाड-बेळगाव पट्ट्यात, जावळास ‘जवळ’ म्हणतात. शब्द दोन्ही घरांत एकच, मात्र आमच्या घरी त्यात एक काना जास्त. आणि त्या शब्दाबरोबर येणारे त्यांचे क्रियापद ‘तेगे’, म्हणजे पुन्हा ‘काढणे’च. याच ‘तेगे’ने कानडीत दार उघडतात. ‘बागिल तेगे’ हे वाक्य आमच्या नातवाचे अत्यंत आवडते, कारण त्यानंतर बाहेर फिरावयास मिळते.

कुतूहल वाढल्यावर आम्ही आपल्या दूरच्या स्नेह्यांस विचारले. हैदराबादच्या मराठी घरांभोवती तेलुगू मंडळी या केसांस ‘पुट्टु वेंट्रुकलु’, म्हणजे जन्मकेस, म्हणतात आणि ते ‘तीयिंचतात’, म्हणजे काढवून घेतात. वडोदऱ्यात गुजराती शेजाऱ्यांकडे ‘बाबरी’ असते आणि ती ‘उतारतात’. इंदूर-ग्वाल्हेरकडे संस्काराचे नाव ‘मुंडन’ असले, तरी घरातील बायका ‘बाल उतरवाना’ असेच म्हणतात. काढणे, उघडणे, उतरविणे. एवढ्या भाषांतील आयांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट ठरविलेली दिसते.

करणाऱ्याचे नावही असेच आहे. ‘न्हावी’ या शब्दात कात्री नाही आणि वस्तराही नाही. पालीत हा शब्द ‘नहापित’, प्राकृतात ‘ण्हाविअ’, आणि त्याच्या मुळाशी ‘स्ना’ म्हणजे न्हाणे हा धातू आहे. संस्कृत ‘नापित’ हाही त्याच कुळातला. न्हावी म्हणजे मुळात न्हाऊ घालणारा. संत सेना महाराजांनी स्वतःस ‘वारीक’ म्हटले, तो शब्द आमच्या भागातील वृद्धांच्या तोंडी अजून आहे. उत्तर कर्नाटकात ज्यांना ‘हडपद’ म्हणतात, त्यांच्या नावातील ‘हडप’ म्हणजे पिशवी. बसवण्णांची पानसुपारीची पिशवी सांभाळणारे शरण हडपद अप्पण्णा यांस तो समाज आपले मानतो. रक्ताचा वास येतो तो एकट्या ‘हजाम’ शब्दास, कारण अरबीत ‘हज्जाम’ म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणारा. मराठीने तो शब्द मोठ्यांच्या हजामतीस ठेवला, बाळाच्या जावळास लावला नाही.

शास्त्रग्रंथांतही पाहिले. ‘चौल’ हा शब्द ‘चूडा’पासून आला, ‘ड’चा ‘ल’ झाला. आश्वलायन गृह्यसूत्र हा संस्कार तिसऱ्या वर्षी किंवा कुळाच्या रीतीप्रमाणे करावा असे सांगते. तोवर टाळू भरलेली असते, हे घरातील म्हातारी माणसे निराळ्या शब्दांत सांगतातच. पण आम्ही थबकलो ते पुढील तपशिलाशी. मूल आईच्या मांडीवर असते. गार व ऊन पाणी एकत्र करून केस भिजवितात. मग दर्भास विनविले जाते की याचे रक्षण कर, आणि पात्यास उद्देशून म्हटले जाते की यास इजा करू नकोस. धीट हो, रडू नकोस, असे मुलास कोणी सांगत नाही. समज दिली जाते ती पात्याला. आम्ही मात्र सारे मुद्दे मुलापुढे मांडीत बसलो होतो.

तेथून खरी तयारी सुरू झाली. पहिल्या दिवशी घरातून ‘कापणे’ हद्दपार केले. भाजी ‘चिरायची’, कागद ‘फाडायचा’, केक आलाच तर त्याचे ‘तुकडे करायचे’. विहीणबाईंनाही कळविले की फोनवर मुलाशी बोलताना ‘कोय्यू’ हे कापण्याचे क्रियापद टाळावे, ‘तेगे’ म्हणावे. त्यांनी कारण विचारले नाही. “होय की, हाग हेळतारेनु?” म्हणजे तसे कोणी म्हणते का, एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शहापुरातील आमच्या नेहमीच्या दुकानात त्यास घेऊन गेलो. हे दुकान तिसऱ्या पिढीचे. आमच्या वडिलांची दाढी ज्यांनी केली, त्यांचे नातू आज ते चालवितात. ते वयाने आमच्याहून थोडे मोठे असल्याने आम्ही त्यांस अण्णा म्हणतो. नातू आजीच्या कडेवर दारातच थांबला, आत येण्यास ‘ब्याड’. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. आमच्या अंगावर पांढरे कापड टाकले आणि मोठ्याने विचारले, “आज्जाचं काढूया काय?” बराच वेळ शांतता. मग दारातून आवाज आला, “काढ.” ही परवानगी मिळाल्यावर आमचे काढले.

तिसऱ्या दिवशी अण्णा स्वतः घरी आले, रिकाम्या हाताने. चहा प्यायले, मुलाशी चेंडू खेळले आणि गेले. चौथ्या दिवशी खिशात फक्त कंगवा होता. पाचव्या दिवशी मशीन आणले, पण बंद. मुलाने ते हाताळले. मग अण्णांनी ते चालू करून प्रथम स्वतःच्या दंडावर, मग आमच्या, आणि शेवटी मुलाच्या तळहातावर टेकविले. “भुंगा हाय बघ. गुणगुणायलाय नुसता.” वस्तरा आणायचा नाही, हे आमचे आधीच ठरले होते. वस्तऱ्याने केस दाट येतात अशी समजूत आहे, पण केसाचे मूळ कातडीखाली असते आणि पाते तेथवर पोहोचतच नाही. तेव्हा मशीनने बारीक करून भागणार होते.

मधल्या काळात सौभाग्यवतींनी आणखी एक युक्ती केली. सोललेला, शेंडीचा नारळ त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटले, “याचं जावळ काढूया?” आजी-नातवाने मिळून एकेक धागा उपटला. शेवटी नारळाचे तीन डोळे उघडे पडले तेव्हा मुलगा टाळ्या पिटून हसला. “नारळाचं जावळ काढलं” हे वाक्य त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकास ऐकविले. ते अखंड मराठी वाक्य ऐकून आम्हांस झालेला आनंद लपवीत नाही.

घटनेचा अनुच्छेद ३५०-क आम्ही कितीतरी अर्जांत उद्धृत केला आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने तो आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, असे तो सांगतो. का मिळाव्यात, याची कारणे आम्ही तोंडपाठ म्हणून दाखवीत असू. कान उघडे ठेवून एका मुलाबरोबर आठ दिवस घालविल्यावर ते कारण आमच्या घरात, नारळाच्या धाग्यांत बसलेले दिसले. मुलाला शब्द कळतो म्हणजे त्याची भीती किंवा निर्भयता त्या शब्दाबरोबर येते.

ठरल्या दिवशी मूल सकाळची झोप पुरी करून उठले होते. मऊभात खाऊन झाला होता. विहीणबाई धारवाडहून नवे कपडे घेऊन आल्या होत्या. पाटावर मामा, म्हणजे आमचे चिरंजीव, मांडी घालून बसले आणि भाचा मांडीवर. औक्षण झाले. अण्णांनी ऊन पाण्यात हात बुडवून त्याचे डोके ओले केले. सर्व शांतपणे चालले होते. आणि मशीन कानाजवळ येताच मूल ताठ झाले. सात दिवसांची तयारी एका क्षणात विरघळल्यासारखी वाटली. त्याने पाय झाडले, अण्णांच्या पोटात एक लाथ बसली. सात वर्षांखालील बालकाचे कृत्य अपराध नव्हे, असे जुने कलम ८२ आणि नव्या न्याय संहितेचे कलम २० सांगते, म्हणून प्रकरण तेथेच मिटले. पण तो आमच्याकडे हात पसरून ओरडत होता, “ब्याड, आज्जा, ब्याड!”

आम्ही पाटापुढे बसलो आणि म्हणालो, “कोय्यंगिल्ल, पुट्टा. तेगीतारष्ट.” म्हणजे, कापत नाहीत रे बाळा, नुसते काढतात.

खोलीतील सर्वांनी आमच्याकडे पाहिले. कचेरीत कानडी नोटीस आली की मराठी प्रत मागणारे आम्ही, कानडीत बोललो होतो, आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे. मुलाची भीती ज्या भाषेत बाहेर पडली, त्याच भाषेत उत्तर गेले, एवढेच. त्याच क्षणी विहीणबाई दुसऱ्या बाजूने आपल्या मोडक्या मराठीत म्हणत होत्या, “काढू या हं, बंगारा, काढू या.” त्यांनी आमचे क्रियापद घेतले होते, आम्ही त्यांचे. यात कोणी काही सोडले असे आम्हांस तेव्हा वाटले नाही, आताही वाटत नाही. मराठी प्रत आम्ही पुढेही मागणारच. पण ती कागदाची गोष्ट आहे, मांडीवरच्या मुलाची नव्हे.

मूल थांबले. हुंदके चालू होते, पण पाय थांबले. अण्णांनी मशीन त्याच्या डोळ्यांसमोर धरले आणि त्या मशीनलाच दम भरला, “ए भुंग्या, आमच्या बाळाला लागू द्यायचं न्हाई हं. सांगून ठेवतोय.”

अण्णांनी गृह्यसूत्र वाचले असण्याचा संभव नाही. आम्ही त्यांस विचारले तेव्हा ते म्हणाले, आमचे आजोबा वस्तऱ्याला असेच सांगायचे.

जावळ निघाले. आमच्या घरच्या रीतीप्रमाणे आत्याने ते खाली पडू न देता कणकेच्या गोळ्यात घेतले. संध्याकाळी मामाने तो गोळा मार्कंडेय नदीत सोडला. मुलाने आरशात पाहिले, दोन्ही हातांनी डोके चाचपले आणि विचारले, “जावळ कुठे गेलं?” नदीला दिले, असे सांगितल्यावर त्याचे समाधान झाले.

वाचकहो, आपल्या गावी, आपल्या घरी, बाळाच्या या पहिल्या केसांस काय म्हणतात आणि त्याबरोबर कोणते क्रियापद वापरतात, ते आम्हांस जरूर कळवावे. घरातील वृद्ध स्त्रियांस विचारावे, त्यांना नेमके ठाऊक असते. नवे आईबाप मुलास दुकानात नेण्याच्या तयारीत असतील, तर त्यांच्या कानावरही तो शब्द घालावा.

अण्णा निघाले तेव्हा आम्ही त्यांच्या हाती शिधा, विडा आणि दक्षिणा दिली. तेवढ्यात आमचा तुळतुळीत नातू स्वयंपाकघरातून धापा टाकीत आला. दोन्ही हातांत एक शेंडीचा नारळ होता. तो त्याने अण्णांच्या पायाशी ठेवला आणि म्हणाला, “याचं पण काढ.”